मंडळीचें वय

मी परांडा तालुक्यांतील सोनारीचा. आमच्या गांवीं काळभैरवनाथाचें देऊळ आहे. चैत्रांत तेथें यात्रा भरते, दूरदूरच्या घराण्यांतील लोक कुलदैवताच्या दर्शनास येतात, आणि आवारांतील वानरें त्यांच्या हातचा प्रसाद निःशंकपणें पळवितात. अशा गांवीं लहानाचा मोठा झालेल्या माणसास कोणतेंही देवस्थान पाहिलें कीं दोन प्रश्न हटकून सुचतात : हें कोणीं बांधलें, आणि यास किती वर्षें झालीं? हेच दोन प्रश्न मीं मागें एका निराळ्या ठिकाणीं विचारले, आणि त्यांचें जें उत्तर मिळालें त्यानें मला पुष्कळ विचार करावयास लावलें. तो विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त तेलंगणांत असतो. तो ख्रिस्ती असून तेथील एका बॅप्टिस्ट मंडळीचा सभासद आहे. मंडळीस शंभर वर्षें पुरीं होत होतीं. "गुरुजी, आपण यावें आणि दोन शब्द बोलावे," असें त्याचें आग्रहाचें पत्र आलें. मी गेलों. समारंभापूर्वीं ओसरीवर एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मीं त्यांस विचारलें, "हें मंदिर कोणीं बांधलें?" त्यांचें तेलुगु उत्तर माझ्या विद्यार्थ्यानें मराठींत सांगितलें तें असें : "ही इमारत तिसरी. पहिली कुडाची होती, दुसरी पत्र्याची. मंडळी मात्र तीच." मीं पुन्हां विचारलें, "मग शंभर वर्षें झालीं तीं कशास?" बाई हंसल्या आणि म्हणाल्या, "मंडळीला."

मीं भाषणासाठीं इमारतीच्या भव्यतेवर चार वाक्यें तयार करून नेलीं होतीं. तीं खिशांतच राहिलीं.

आपल्या भाषेंत 'मंडळी' हा शब्द किती घरगुती आहे! घरची मंडळी, गांवची मंडळी, जेवावयास बसलेली मंडळी. मराठी ख्रिस्ती लोकांनीं चर्च या शब्दास हाच प्रतिशब्द रूढ केला आहे. दगडविटांचें तें उपासनामंदिर, आणि माणसांची ती मंडळी. हा भेद ध्यानांत आला म्हणजे बॅप्टिस्ट संप्रदायाचें मर्म समजण्यास फारसा वेळ लागत नाहीं.

या संप्रदायाचा उगम सतराव्या शतकाच्या आरंभीं झाला. राजसत्तेच्या छळास कंटाळून इंग्लंडांतून हॉलंडांत गेलेल्या कांहीं लोकांनीं १६०९ सालीं ॲमस्टरडॅम येथें अशी पहिली मंडळी स्थापन केली. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. धर्म हा जन्मानें मिळत नाहीं. तो जाणत्या वयांत, स्वतःच्या निश्चयानें पत्करावा लागतो. म्हणून तान्ह्या मुलास बाप्तिस्मा देण्यांत अर्थ नाहीं. ज्यास आपण काय करतों हें समजतें त्यानेंच तो घ्यावा. तो मस्तकावर पाणी शिंपडून नव्हे, तर सर्वांगानें पाण्यांत बुडून घ्यावा, ही रीत त्यांच्या संप्रदायांत पुढें रूढ झाली. दुसरी गोष्ट अशी कीं, अशा रीतीनें एकत्र आलेली प्रत्येक मंडळी स्वतंत्र असते. पाळक कोणास नेमावयाचें, पैसा कसा खर्चावयाचा, नवा सभासद घ्यावयाचा कीं नाहीं, हें सभासदच ठरवितात. त्यांच्यावर बिशपाचा हुकूम चालत नाहीं. म्हणून अशा मंडळीचें वय मोजावयाचें तें पायाचा दगड बसविला त्या दिवसापासून नव्हे, तर कांहीं माणसांनीं एकमेकांसमक्ष वचन देऊन आपलीं नांवें एका वहींत लिहिलीं त्या दिवसापासून.

आतां माझ्या मनांत दुसरा प्रश्न उभा राहिला. १९४८ पर्यंत आमचा धाराशिव जिल्हा आणि तेलंगण हे दोन्ही एकाच निजामाच्या राज्यांत होते. असें असतां तेलुगु मुलखांत बॅप्टिस्ट मंडळ्या ठिकठिकाणीं दिसतात, आणि आमच्या शेजारच्या मराठी मुलखांत, नगरकडे, ज्या जुन्या प्रॉटेस्टंट मंडळ्या आहेत त्या काँग्रिगेशनल परंपरेच्या, हें कसें? काँग्रिगेशनल मंडळ्याही स्वतःचा कारभार स्वतःच पाहणाऱ्या. फरक मुख्यतः एवढाच कीं, त्या सभासदांच्या तान्ह्या मुलांसही बाप्तिस्मा देतात. या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मी एका समुद्रप्रवासापाशीं येऊन पोंचलों.

ता. ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं अमेरिकेंतील सेलम गांवीं पांच तरुणांस धर्मोपदेशकाची दीक्षा देण्यांत आली : जडसन, न्यूएल, हॉल, नॉट आणि राइस. पांचही काँग्रिगेशनल पंथाचे. दोन जहाजांतून ते हिंदुस्थानाकडे निघाले. त्या वेळीं हुगळीकांठच्या श्रीरामपुरांत (हें नगर जिल्ह्यांतील श्रीरामपूर नव्हे, ही मूळची डेन्मार्कची वसाहत) विल्यम कॅरे आणि त्यांचे सहकारी यांचें बॅप्टिस्ट मिशन होतें. जडसन यांना वाटलें, या लोकांशीं बाप्तिस्म्यावरून वाद होणार. आपली बाजू आधींच पक्की केलेली बरी. म्हणून जहाजावर ते मूळ ग्रीक शास्त्र उघडून बसले. आपली बाजू पक्की करावयास बसलेल्या या प्रामाणिक माणसास प्रतिपक्षाचेंच म्हणणें पटलें! ता. ६ सप्टेंबर १८१२ रोजीं कलकत्त्याच्या लालबाजारांतील बॅप्टिस्ट मंदिरांत त्यांनीं आणि त्यांच्या पत्नीनें पाण्यांत बुडून नव्यानें बाप्तिस्मा घेतला. पुढें दोन महिन्यांच्या आंत राइस यांनींही तेंच केलें.

श्रोतेहो, हें सोपें नव्हतें. ज्या संस्थेनें त्यांस पाठविलें तिच्याशीं संबंध तुटला, म्हणजे परक्या देशांत पोटापाण्याचा आधार गेला. त्यांत ईस्ट इंडिया कंपनीनें मिशनऱ्यांस मुलखाबाहेर निघून जाण्याचा हुकूम काढला. जडसन १८१३ च्या जुलैंत ब्रह्मदेशांत रंगून येथें उतरले. तेथें पहिल्या माणसास बाप्तिस्मा देण्यास त्यांना १८१९ साल उजाडलें. सहा वर्षें एकही मनुष्य आला नाहीं. राइस स्वदेशीं परतले आणि त्यांच्या खटपटीनें अमेरिकेंतील बॅप्टिस्टांनीं १८१४ सालीं स्वतःची मिशनरी संस्था काढली. त्याच संस्थेच्या परंपरेंतील लोकांनीं पुढें तेलुगु प्रदेशांत काम सुरू केलें. १८४० सालीं नेल्लोर हें त्यांचें ठाणें झालें. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदींत ता. ३ जुलै १८७८ या एका दिवशीं २,२२२ माणसांनीं बाप्तिस्मा घेतला. माझ्या विद्यार्थ्याची मंडळी याच वेलीचें एक फूल.

ज्यांचें मत बदललें नाहीं ते हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटून ता. ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं मुंबईस पोंचले. न्यूएलही पुढल्या वर्षीं त्यांस येऊन मिळाले. तेथून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला. हॉल नाशिककडील प्रवासांतून परततांना १८२६ सालीं महामारीनें वारले. त्याच वर्षीं त्या मिशनचा मराठी नवा करार छापून झाला. १८३१ च्या अखेरीस मिशनचें काम अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, सुरू झालें, आणि १८३३ सालीं तेथें पहिली मंडळी स्थापन झाली. एका जहाजावरील एका शंकेमुळें तेलुगु देशास एक वाट मिळाली, आणि आमच्या बाजूस दुसरी.

परंतु बॅप्टिस्ट इकडे आले नाहींत म्हणून मराठीवर त्यांचें ऋण नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. कॅरे हे मूळचे इंग्लंडांतले चांभार. ते फोर्ट विल्यम कॉलेजांत बंगाली व संस्कृतप्रमाणें मराठीही शिकवीत. पंडित वैद्यनाथ यांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश छापून काढला. कोशांतील मराठी शब्द मोडी टायपांत होते. १८११ सालीं नवा करार मराठींत निघाला. मराठी गद्याच्या पहिल्या छापील पुस्तकांपैकीं 'सिंहासन बत्तिशी' (१८१४) आणि 'हितोपदेश' (१८१५) हीं तेथलींच. पेशवाई अद्याप नांदत होती, आणि आपली भाषा हुगळीच्या कांठीं छापली जात होती! मीं आयुष्यभर मुलांस व्याकरण शिकविलें, पण हें ऋण वर्गांत एकदांही बोलून दाखविलें नाहीं, याची मला आतां लाज वाटते.

आतां पुन्हां नगरकडे वळूं. पहिल्या मंडळीचे वडील म्हणून बाबाजी नांवाच्या ब्राह्मण गृहस्थाची निवड झाली. त्याच वर्षीं ते वारले. पुढें हरिपंत आणि रामकृष्णपंत मोडक यांना १८५४ सालीं पाळकाची दीक्षा मिळाली. जन्मानें ब्राह्मण असलेले हे लोक आणि गांवकुसाबाहेर ठेवलेले महार व मांग एकाच प्याल्यांतून प्रभुभोजन घेऊं लागले. त्या काळीं याचा अर्थ काय होता हें आपणांस निराळें सांगावयास नको. आप्त तुटत, पाणवठा बंद होई, घरांत जिवंतपणीं सुतक पाळलें जाई. आणि मागें राहिलेल्या घरच्यांचें दुःखही लहान नसे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां लक्ष्मीबाईंवर काय प्रसंग ओढवला, हें 'स्मृतिचित्रें' वाचणाऱ्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला तो सुमारें पांच वर्षांनंतर, १९०० सालीं. पतीनें घेतला म्हणून नव्हे, तर स्वतःच्या मनास पटल्यावर. टिळक पतिपत्नी बॅप्टिस्ट नव्हतीं. तथापि धर्म ज्याचा त्यानें जाणतेपणीं पत्करावा, या तत्त्वाचें याहून बोलकें उदाहरण मला मराठींत सुचत नाहीं.

१८८१ च्या ऑक्टोबरांत नगरच्या मिशनचा पन्नास वर्षांचा उत्सव झाला. त्या वेळचे निबंध पुढें ग्रंथरूपानें निघाले. त्यांत देशी मंडळ्यांचा इतिहास लिहिला आहे तो कोणा अमेरिकन मिशनऱ्यानें नव्हे, तर रामकृष्णपंत मोडकांनीं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वर्धापनदिनीं जहाजांतून आलेल्यांचे गुणगान करणें सोपें असतें. त्यांचीं चित्रें भिंतीवर असतात, त्यांचे अहवाल छापलेले असतात. परंतु त्यांच्यामागें सोडून जाण्यासारखा एक दूर देश होता, परतण्यास एक घर होतें. ज्यांनीं याच गांवांत राहून, याच शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आपलें नांव त्या वहींत लिहिलें, त्यांना परतण्यास दुसरें घर नव्हतें. मंडळीचें वय त्यांच्या धैर्यापासून मोजावयाचें.

कलकत्त्यांत १८१२ सालीं फुटलेल्या त्या दोन वाटांचें पुढें काय झालें, तेंही सांगतों. काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन मंडळ्या १९२४ सालीं एका संघांत आल्या. नंतर ता. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं, आपल्याच नागपुरांत, तो संघ आणि इतर पांच पंथ मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालें. त्या पांचांत कॅरे यांच्या परंपरेंतील उत्तर हिंदुस्थानचे बॅप्टिस्टही होते. बाप्तिस्म्याविषयीं त्यांनीं दोन्ही रीतींस मान्यता दिली : बालपणींचाही चालेल, जाणतेपणींचाही चालेल. कांहीं मंडळ्या या ऐक्याच्या बाहेर राहिल्या, आणि जडसन-राइस यांच्या शाखेंतून निघालेल्या तेलुगु मंडळ्या आपल्या वाटेनेंच चालत आहेत. तरीही दीडशें वर्षांहून जुना वाद कोणासही खोटें न ठरवितां मिटूं शकतो, हें नागपुरानें दाखविलें.

शेवटीं त्या समारंभाची हकीकत पुरी करतों. पाळकांनीं जुनी वही आणविली आणि पहिल्या दिवसाचीं नांवें एकेक करून मोठ्यानें वाचलीं. ज्या घराचें नांव निघे त्या घरचीं माणसें उभीं राहत. कोठें दहा उठत, कोठें एकच. कांहीं नांवें वाचलीं गेलीं तेव्हां मात्र कोणीच उठलें नाहीं. तीं घरें संपलीं होतीं, किंवा कोठें गेलीं तें कोणास ठाऊक नव्हतें. तेव्हां पाळक क्षणभर थांबले आणि म्हणाले, "यांच्यासाठीं सगळ्यांनीं उठा." सारी मंडळी उभी राहिली. ओसरीवरच्या त्या वृद्ध बाई काठी टेकीत उठल्या, आणि नकळत मीही उठलों.

नंतर माझी पाळी आली. मीं दोनच वाक्यें बोललों : "आमच्या सोनारीस मी देवळाचें वय विचारीत असें. आज आपण मला मंडळीचें वय मोजावयास शिकविलें."