मळलेल्या वाटा : नवी मुंबईच्या डोंगरपायथ्याचा परिचय

ठाण्याची खाडी आणि पारसिकची डोंगररांग यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर नवी मुंबई वसलेली आहे. 1965 मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून खाडीपलीकडच्या जुळ्या शहराची कल्पना मांडली, 17 मार्च 1970 रोजी ते उभारण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या भागांतील 95 गावांची सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन या शहरासाठी मुक्रर झाली. सेक्टर, रेल्वेस्थानके, बाजार, उद्याने असे सारे कागदावर आखून मग जमिनीवर उतरवण्यात आले. परंतु शहराच्या पूर्वेला उभ्या असलेल्या डोंगरांवर चढणाऱ्या पायवाटा या आराखड्याच्या कितीतरी आधीपासून तेथे होत्या, आणि आज सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून निघालेला शहरवासी ज्या वाटेने गड गाठतो ती वाट बहुतेक वेळा एखाद्या ठाकर किंवा कातकरी वाडीची पाण्याची, सरपणाची अथवा बाजाराची वाट असते.

अशा वाटेसाठी मराठीत ‘मळलेली वाट’ असा नेमका शब्द आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी जिची माती दाबली गेली, जिच्यावरचे दगड एका बाजूस सरकले आणि जिच्या कडेचे गवतही जणू सरावाने बाजूला झुकले, ती मळलेली वाट होय. तिच्याशी गल्लत होते ती ढोरवाटेची, म्हणजे गुराढोरांच्या येण्याजाण्याने उमटलेल्या वाटेची. गुरे चाऱ्याच्या ओढीने फिरतात, त्यामुळे त्यांची वाट सुरुवातीला ठसठशीत दिसते, पुढे तिला फाटे फुटतात आणि एखाद्या गवताळ उतारावर ती विरून जाते. नवख्या मंडळींची डोंगरात चुकामूक होते ती पुष्कळदा अशा फाट्यांवरच. माणसाची वाट पाणवठा, वाडी, खिंड किंवा देऊळ यांपैकी कुठेतरी नक्की पोहोचते, एवढे लक्षात ठेवले तरी या डोंगरांचे निम्मे व्याकरण हाती येते.

उरलेले व्याकरण दगडाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहत आला, थरावर थर थिजले आणि बेसाल्ट या काळ्या कातळाचा सह्याद्री घडला. हे थर सारख्या कठीणपणाचे नाहीत. घट्ट कातळ उभा कडा होऊन राहतो, तर बुडबुड्यांच्या पोकळ्या असलेला ठिसूळ दगड आणि दोन थरांमध्ये कधीकधी सापडणारा तांबड्या मातीचा पातळ पट्टा लवकर झिजतो. त्यामुळे कड्याखाली जी आडवी पायरी तयार होते तिला डोंगरभटके ‘पदर’ म्हणतात. पदरावर माती टिकते, मातीमुळे झाडोरा टिकतो आणि थरांच्या सांध्यातून पाझरणारे पाणीही पुष्कळदा तेथेच मिळते; म्हणून वाड्या पदरावर वसल्या आणि वाटाही आधी डोंगराच्या सोंडेने, म्हणजे मुख्य डोंगरापासून खाली उतरणाऱ्या धारेने, पदरापर्यंत चढून मग कड्याला बिलगून आडव्या जातात.

याच परिसरात भूशास्त्रज्ञांना एक वेगळीच गोष्ट आढळली आहे. माथेरान आणि प्रबळगड यांच्या माथ्यांवर लाव्ह्याचे थर जवळजवळ सपाट आहेत, तर पनवेल आणि पारसिकच्या बाजूला तेच थर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले दिसतात. कोकणातून उत्तर-दक्षिण गेलेल्या या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’, म्हणजे पनवेलची वळी, असे नाव आहे, आणि भारतीय भूखंडापासून सेशेल्स बेटांचा तुकडा अलग होत असतानाच्या घडामोडींशी तिचा संबंध जोडला जातो. खारघरच्या टेकडीवर सकाळी फिरायला जाणाऱ्याच्या पायाखाली एका खंडाच्या फुटीची खूण आहे, ही बाब तेथील एखाद्या फलकावर ठळकपणे लिहिली जायला हवी.

शहराला सर्वांत जवळचे चढ पारसिक आणि खारघरचे. पारसिकच्या डोंगरातून 1916 साली खुला झालेला सुमारे 1.3 किलोमीटरचा रेल्वे बोगदा सर्वपरिचित आहे. मात्र याच रांगेच्या नवी मुंबईकडील अंगाला दगडखाणींनी मोठाले खड्डे पाडले, आणि ज्या डोंगराची हवा खायला शहर जाते त्याच्याच दगडातून शहराच्या बऱ्याच इमारती उभ्या राहिल्या. खारघरच्या पठारावर फणसवाडी आणि चाफेवाडी या आदिवासी वस्त्या आहेत. खाली उंच इमारतींची रांग आणि वर अर्ध्या-पाऊण तासाच्या चढावर शेणाने सारवलेली अंगणे, एवढे अंतर दोन जगांमध्ये आहे.

याच डोंगरावरून पांडवकडा हा शंभर मीटरांहून उंच धबधबा कोसळतो. तेथील बुडून झालेल्या मृत्यूंमुळे पावसाळ्यात त्या भागात जाण्यास प्रशासन बंदी घालते, आणि या बंदीमागचे कारण समजून घेणे बंदी पाळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. माथ्यावरचे पठार उथळ मातीचे आणि खाली अखंड कातळाचे असते; आषाढात माती पाण्याने पुरती भिजली की पुढची सर जमिनीत मुरत नाही, सारे पाणी ओहोळांतून कड्याकडे धावते, आणि धबधब्याच्या पायथ्याशी ऊन पडलेले असतानाही वर पठारावर झालेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत खाली येऊन थडकतो. ओढ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे आणि त्यातून काटक्या-पाने वाहत येणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती दिसताच प्रवाहातून बाहेर पडून उंच जागी जाणे हा एकच उपाय आहे.

पनवेलहून मुंबई-गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघाल्यावर प्रथम शिरढोण लागते. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म 4 नोव्हेंबर 1845 रोजी या गावी झाला, आणि त्यांचे आजोबा पुढे दिसणाऱ्या कर्नाळा किल्ल्याचे किल्लेदार होते. कर्नाळ्याच्या माथ्यावर अंगठ्यासारखा उभा असलेला सुमारे सव्वाशे फुटांचा सुळका दुरूनही ओळखू येतो. इंग्रजी कागदपत्रांत या डोंगराचा उल्लेख ‘फनेल हिल’, म्हणजे नरसाळ्याचा डोंगर, असा आढळतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 440 मीटर उंचीच्या या किल्ल्यावरून पनवेलची खाडी आणि बोरघाटाकडे जाणारा मार्ग या दोहोंवर नजर ठेवता येत असे. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत कर्नाळ्याचा समावेश होता आणि 1670 मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. सुळक्याच्या कपारींत आग्या माश्यांची मोठी पोळी असतात. धूर, मोठा आवाज किंवा उग्र वासाची अत्तरे यांनी त्या खवळतात आणि पळायला जागा नसलेल्या अरुंद माथ्यावर हा प्रसंग जिवावर बेततो.

किल्ल्याभोवतीचे जंगल 1968 पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि 2003 मध्ये विस्तार झाल्यावर त्याचे क्षेत्र 12 चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक झाले. येथील हरियाल आणि मोरटाका हे दोन निसर्गमार्ग वनविभागाने आखून दिलेले आहेत, त्यामुळे लहान मुलांना घेऊन पहिल्यांदा डोंगरात जाणाऱ्या कुटुंबाला याहून चांगली सुरुवात या परिसरात नाही. लांब पांढरी शेपटी मिरवणारा स्वर्गीय नर्तक, दुसऱ्या पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करणारा भृंगराज आणि पावसाळ्यात येणारा इवलासा तिबोटी खंड्या ही येथील कीर्तिमान पाखरे. तिबोटी खंड्या ओढ्याकाठच्या किंवा वाटेच्या कडेच्या मातीच्या दरडीत बीळ कोरून अंडी घालतो. छायाचित्रासाठी अशा दरडीशी ताटकळत बसणाऱ्यांमुळे चोचीत भक्ष्य घेऊन आलेला पक्षी बिळात शिरत नाही आणि आत पिले उपाशी राहतात. वाटेवरच्या प्रत्येक थांब्याला कोणाच्या तरी संसाराची कड लागून असते, हे येथे अगदी शब्दशः खरे आहे.

पनवेलच्या ईशान्येस गाढी नदीच्या खोऱ्यातून देहरंग धरणावरून पुढे गेले की धोदाणी हे गाव येते, आणि तेथून माथेरानच्या सनसेट पॉइंटकडे चढणारी वाट निघते. माथेरान हे थंड हवेचे ठिकाण म्हणून 1850 मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्यामुळे प्रसिद्धीस आले आणि 1907 मध्ये नेरळहून तेथे छोटी रेल्वे पोहोचली, असा इतिहास सर्वत्र छापलेला असतो. परंतु त्या गावाला दूध, भाजी आणि रानमेवा पोहोचवणारी पश्चिमेकडची ही वाट त्या इतिहासात क्वचितच दिसते. पायथ्याच्या वाड्यांतील माणसे डोक्यावर वा खांद्यावर ओझे घेऊन पहाटे हा चढ चढतात आणि विकून झाले की परत उतरतात. शहरी गिर्यारोहक ज्याला दिवसभराची मोहीम मानतो तो त्यांच्या दिवसाचा पूर्वार्ध असतो. ही वाट इतकी सुघड असण्याचे, तिच्या वळणांत दम खायला नेमक्या जागी सावली आणि बसता येण्याजोगा दगड असण्याचे कारण हेच आहे की ती ओझे वाहणाऱ्यांनी घडवली.

याच रांगेतील सर्वांत गजबजलेली वाट ठाकूरवाडीहून प्रबळमाचीकडे जाते. माची म्हणजे बालेकिल्ल्याच्या, अर्थात गडाच्या सर्वोच्च भागाच्या, खालचे सपाट आवार. येथून एका बाजूस सुमारे 700 मीटर उंचीचा, घनदाट झाडीचा प्रबळगड, ज्याचे जुने नाव मुरंजन, आणि दुसऱ्या बाजूस कलावंतिणीचा निमुळता सुळका उभा आहे. सुळक्यावर कातळात खोदलेल्या उंच पायऱ्या आहेत, त्यांना कठडा नाही, आणि एका वेळी एकच माणूस नीट चढू शकेल एवढीच त्यांची रुंदी आहे. समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे सुट्टीच्या दिवशी येथे चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर समोरासमोर येतात. गर्दीमुळे माचीवरील घरांना जेवण-चहाचा व्यवसाय मिळाला, ही आनंदाची बाब आहे. मात्र एका अरुंद जिन्यावर किती माणसे एका वेळी असावीत याचा हिशेब काटेकोरपणे ठेवला गेला पाहिजे. त्याच प्रबळगडाच्या विस्तीर्ण माथ्यावर, जेथे दाट रानामुळे वाट चुकण्याची खरी भीती आहे, तुलनेने फार थोडी माणसे फिरकतात.

युरोपातील आल्प्स पर्वतात पायवाटांची व्यवस्था निराळ्या रीतीने घडली. ऑस्ट्रियातील इन्सब्रुक शहराच्या डोक्यावर नॉर्डकेट्टे ही रांग उभी आहे आणि 1928 पासून तेथे शहरातून दोराच्या पाळण्याने वर जाता येते. 1862 मध्ये स्थापन झालेल्या ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबसारख्या संस्था लाखो सदस्यांच्या वर्गणीतून आणि श्रमदानातून वाटा दुरुस्त करतात, लाल-पांढऱ्या-लाल पट्ट्यांनी खडकांवर खुणा रंगवतात आणि उंचावर निवाऱ्याची घरे चालवतात. स्वित्झर्लंडमध्ये तर खुणेच्या रंगावरून वाट सोपी, डोंगरी की अतिकठीण हे कळते. सह्याद्रीत बाण रंगवणाऱ्या हौशी संस्था आहेत, पण एक बाण चुकीच्या ढोरवाटेवर रंगवला गेला तर तो नसण्यापेक्षा घातक ठरतो; आणि येथे पावसाच्या एका हंगामात गवत, घसारा, म्हणजे पायाखालून निसटणारी मुरमाड माती, आणि कोसळलेल्या दरडी वाटेचा चेहराच बदलून टाकतात. खुणा येथेही असाव्यात, पण त्या त्या वाडीतील माणसांच्या सल्ल्याने आणि त्यांना मोबदला देऊन दरवर्षी ताज्या केल्या जाव्यात, एवढे आल्प्सकडून घेण्याजोगे आहे.

ऋतूंविषयी थोडे. पहिल्या पावसानंतर रानात शेवळे, टाकळा, करटोली येतात आणि पनवेलच्या बाजारात वाड्यांतील बाया त्यांचे वाटे मांडून बसतात. श्रावण-भाद्रपदात तेरडा आणि कळलावी फुलते. आणि काही वर्षांच्या प्रतीक्षेनंतर एकदम फुलणारी कारवी मुंबई परिसरात 2016 आणि 2024 मध्ये बहरली होती. दिवाळीनंतरचे तीन महिने चालायला सर्वांत सुखाचे. फाल्गुनापासून गवत वाळते, वणवे लागतात, आणि विझवायला न थांबता केवळ चित्रीकरण करणाऱ्यांची संख्या वाढली आहे, हे खेदाने नोंदवावे लागते. चैत्र-वैशाखात काळा कातळ तापतो, गडांवरच्या टाक्यांचे पाणी आटते आणि करवंदे-जांभळांच्या लोभानेही दुपारी चढू नये असा उन्हाळा असतो.

प्रबळगडाच्या दक्षिणेस इर्शाळगड आहे. त्याच्या सुळक्यात वाऱ्या-पाण्याने पडलेले आरपार भोक आहे, ज्याला ‘नेढे’ म्हणतात, आणि त्याच्या उतारावरून धावरी नदीवरचे मोरबे धरण दिसते. नवी मुंबईच्या नळांना येणारे पाणी याच धरणातले. गडाखालच्या पदरावर इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती होती. 19 जुलै 2023 च्या रात्री संततधार पावसात वरचा उतार सुटून वाडीवर आला; 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसे बेपत्ता राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे माती उपसणारी यंत्रे वर नेता आली नाहीत आणि फावडी, कुदळी, टोपल्या घेऊन माणसे त्याच निसरड्या पायवाटेने चढत राहिली. खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या गिर्यारोहक संस्थांना सुट्टीतल्या भटकंतीने परिचित झालेली ती वाट त्या रात्री उपयोगी पडली. नवी मुंबई अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याला हा चढ चढतानाच हृदयविकाराचा झटका येऊन मृत्यू आला. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन पुढे चौकजवळ करण्यात आले. पाण्याच्या हंड्यांनी, बाजाराच्या ओझ्यांनी आणि शाळेत उतरणाऱ्या पोरांच्या पायांनी मळलेली ती वाट तुडवणारे रोजचे कोणी आता त्या पदरावर राहत नाही.