चवडा दुखतो म्हणजे नेमका कुठे?

पाय दुखतो म्हटलं की घरात पहिला हात जातो तेलाच्या बाटलीकडे. मग कोमट तेलाने चोळणं, गरम पाण्याची बादली, त्यात मूठभर मीठ. टाच असो, घोटा असो की अंगठा, उपाय तोच. यात तसं वावगं काही नाही (मधुमेह असलेल्यांची गोष्ट वेगळी, ती पुढे येईलच). पण चवडा आणि पायाची बोटं दुखत असतील तर चोळण्याच्या आधी एक काम करायला हवं. जिथे सर्वांत जास्त दुखतं, तिथे हाताचं एक बोट ठेवायचं. सगळ्या पायावरून हात फिरवत ‘इथे सगळीकडेच दुखतं’ असं सांगून चालत नाही. चवड्यात दुखण्याची जागा अर्ध्या इंचाने सरकली तरी कारण बदलतं, आणि कारण बदललं की उपायही बदलतो, कधी कधी अगदी उलटा होतो.

आधी हा भाग चालतो कसा ते पाहू. माणसाच्या एका पायात घोट्याखाली २६ हाडं असतात आणि त्यांतली १९ एकट्या पुढच्या भागात असतात. पाच लांबट हाडं, ज्यांना डॉक्टर मेटाटार्सल म्हणतात, आणि बोटांची १४ पेरं. अंगठ्याला दोन, बाकीच्या बोटांना तीन-तीन. तळव्याच्या बाजूने बोटांच्या मुळाशी दाबलं की जे टणक उंचवटे लागतात, ती या लांब हाडांची टोकं. अंगठ्याच्या मुळाखाली शिवाय वाटाण्याएवढी दोन सुटी हाडं असतात. अंगठा खाली वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरीत ती बसलेली असतात. नाचणाऱ्यांना आणि पळणाऱ्यांना नेमकं तिथेच दुखू लागतं.

चालताना आधी टाच टेकते. मग वजन तळव्याच्या बाहेरच्या कडेने पुढे सरकत चवड्यावर येतं आणि शेवटी अंगठा जमीन मागे रेटतो. त्या वेळी टाच हवेत असते, म्हणजे सगळा भार चवड्यावर असतो. त्यातला मोठा वाटा अंगठ्याने उचलावा अशी ही रचना आहे. अंगठा कामचुकारपणा करू लागला, म्हणजे तो वाकडा झाला, त्याचा सांधा आखडला किंवा मुळात त्यामागचं हाडच आखूड असलं, की तो भार शेजारच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळावर जातो. ती हाडं अंगठ्यामागच्या हाडापेक्षा बारीक असतात. तिथली कातडी जाड होते, घट्टा पडतो, मग आत ठणकू लागतं. म्हणून तळवा उजेडात धरून घट्टा कुठे आहे ते पाहावं. भार कुठे पडतोय हे त्यावरून कळतं, त्यासाठी यंत्र लागत नाही.

आणखी एक कारण पायाच्या वरच्या भागातून येतं, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पोटरी आखडलेली असली तर घोटा पुरेसा वाकत नाही, टाच लवकर उचलली जाते आणि चवडा गरजेपेक्षा जास्त वेळ भाराखाली राहतो. वय वाढतं तशी तळव्याखालची चरबीची गादीही पातळ होत जाते. त्यात आपण घरात अनवाणी वावरतो. पूर्वी पायाखाली सारवलेली जमीन होती, आता टणक गुळगुळीत फरशी आहे. ओट्यापाशी रोज तासन्‌तास उभं राहणाऱ्या पन्नाशीपुढच्या बाईचा चवडा दुखत असेल, तर मी औषधाच्या आधी त्या फरशीवर संशय घेईन. घरात घालायची मऊ, जाड तळाची चप्पल हा फारसा खर्चिक उपाय नाही. पण ‘घरात कसली चप्पल’ म्हणून तो राहूनच जातो.

चपलेचा विषय निघालाच आहे तर जरा थांबू. पुढे निमुळता होत गेलेला बूट बोटं आवळतो. उंच टाचेची सँडल वजन पुढे ढकलते. हे बहुतेकांना माहीत असतं. पण आपली साधी रबरी चप्पलही निर्दोष नाही. ती पायात टिकावी म्हणून बोटं सारखी आवळून धरावी लागतात, आणि तळ झिजून पातळ झाला की खाली काही आधारही उरत नाही. आपल्या बुटात पाय मावतो का, हे घरच्या घरी पाहता येतं. कागदावर उभं राहून पेन्सिलीने पायाची रेघ काढा आणि त्यावर बूट ठेवा. रेघ बुटाच्या बाहेर दिसली, तर तो बूट तुमच्या पायाचा नाही. नवीन जोडी संध्याकाळी घ्यावी, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा मोकळी हवी. सर्वांत लांब बोट अंगठाच असेल असं नाही, अनेकांचं दुसरं बोट लांब असतं. दोन्ही पाय घालून पाहावेत आणि मोठ्या पायाचं माप धरावं.

आता ते ठेवलेलं बोट कुठे आहे ते पाहू.

तळव्याला, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी असेल, दुखणं उभं राहिल्यावर वाढत असेल आणि बसल्यावर थांबत असेल, तर तो बहुधा वर सांगितलेला भाराचाच प्रकार. इथे घरचे उपाय चांगले लागू पडतात. काही दिवस चालणं कमी करायचं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दिवसातून दोन-तीनदा १० ते १५ मिनिटं धरायचा. रुंद, जाड तळाची पादत्राणं वापरायची. पोटरी ताणण्यासाठी भिंतीला हात टेकून उभं राहायचं, दुखरा पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला टेकलेली, आणि पुढे झुकायचं. ३० सेकंद तसंच राहायचं. असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ. याचा फरक कळायला काही आठवडे लागतात, म्हणून लोक चार दिवसांत सोडून देतात.

चवड्यासाठी छोटी गादी मिळते, मेटाटार्सल पॅड. ती लावताना बहुतेकांचं चुकतं. जिथे दुखतं तिथेच गादी हवी, असं वाटणं साहजिक आहे. पण दुखऱ्या टोकाखाली उंचवटा दिला तर तिथला दाब वाढतो. गादी त्या जागेच्या थोडी मागे, टाचेच्या दिशेला बसवायची, म्हणजे भार हाडाच्या मागच्या भागावर येतो आणि टोक हलकं होतं. जागा नक्की करायला दुखऱ्या ठिकाणी लिपस्टिकचा ठिपका लावून बुटात पाऊल ठेवावं. आतल्या तळावर खूण उमटते. गादी त्या खुणेच्या मागे.

बोट दोन हाडांच्या मधल्या खळगीत, विशेषतः तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये गेलं असेल तर गोष्ट वेगळी. अशा माणसाला चपलेत खडा गेल्यासारखं वाटतं, तो चप्पल झटकतो, खडा काही सापडत नाही. बोटांत झिणझिण्या किंवा जळजळ होते. बूट काढून चवडा चोळला की बरं वाटतं. इथे बोटांकडे जाणारी नस दाबली जाऊन जाड झालेली असते. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक थॉमस मॉर्टन यांनी १८७६ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. नावाला घाबरू नये, ही कर्करोगाची गाठ नव्हे. रुंद बूट आणि मागे लावलेली गादी यांनी पुष्कळांचं भागतं, काहींना इंजेक्शन लागतं, थोड्यांना शस्त्रक्रिया.

पायाच्या वरच्या बाजूने, एकाच हाडावर एकाच जागी दाबलं की कळ येते, थोडी सूज आहे, आणि गेल्या काही आठवड्यांत चालणं किंवा पळणं एकदम वाढलेलं आहे? मग चोळू नका. हे हाडाला गेलेला बारीक तडा असू शकतो, स्ट्रेस फ्रॅक्चर. प्रशियाच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी १८५५ मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पायांबद्दल लिहिलं, त्यावरून याला मार्च फ्रॅक्चरही म्हणतात. आपल्याकडे सैनिकच कशाला हवेत? पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पातळ कॅनव्हासच्या बुटांत धावणारी पोरं आहेत. एरवी बसून काम करणारा माणूस आषाढी वारीला आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर चालायला निघतो, तोही आहे. यात फसवणारी गोष्ट अशी की पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. म्हणून ‘फोटोत काही नाही’ म्हणत पुन्हा धावायला जाऊ नये. अशा तड्याला साधारण सहा ते आठ आठवडे विश्रांती लागते. वारीला जायचं असेल तर दोन महिने आधीपासून चालणं हळूहळू वाढवावं, आणि नव्या चपलेचं उद्घाटन वारीत करू नये.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा रात्रीत लाल, गरम, टरटरून सुजला आणि चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर तो बहुधा गाऊट. रक्तात युरिक ॲसिड वाढलं की त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. पुरुषांमध्ये जास्त, बायकांमध्ये सहसा पाळी गेल्यावर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही धोका असतो. इथे तेल-मालीश आणि गरम शेक दोन्ही नको. पाय उंचावर, फडक्यातला बर्फ, भरपूर पाणी, आणि डॉक्टरांना फोन. मूत्रपिंडाचा त्रास, आम्लपित्त किंवा रक्तदाब असलेल्यांनी वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नये. अटॅक चालू असताना रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं, त्यामुळे एका रिपोर्टवरून गाऊट नाही असं ठरत नाही. पथ्याबद्दल आपल्याकडे गंमत आहे. लोक डाळ, पालक आणि टोमॅटो सोडतात, बिअर मात्र चालू ठेवतात. खरा भर दारू, कलेजी-वजडीसारखं मांस, तारली-बांगड्यासारखे मासे आणि गोड शीतपेयं कमी करण्यावर हवा. भाज्या-डाळींचा दोष त्यामानाने नगण्य. आणि एक महत्त्वाचं: गाऊटसारखाच लाल सांधा जंतुसंसर्गानेही होतो. ताप, थंडी असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

अंगठा वाकडा होऊन मुळाशी हाड बाहेर आलं असेल तर त्याला बनियन म्हणतात. रात्री बांधायचे पट्टे ऑनलाइन पुष्कळ विकले जातात. त्यांनी बरं वाटू शकतं, पण मोठ्या माणसाचं हाड कायमचं सरळ होत नाही. रुंद बूट हाच त्यातला खरा उपाय, दुखणं असह्य झालं तर शस्त्रक्रिया.

नखाची कोपऱ्यातली टोचणी बहुतेक वेळा नख गोल कापल्याने होते. नख सरळ कापावं, कोपरे खोदू नयेत. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्यात पाय ठेवावा, पू दिसला तर डॉक्टरकडे जावं. कुरूप किंवा भोवरी ब्लेडने कापू नये. पाण्यात भिजवून प्युमिस दगडाने हलकेच घासावी आणि जिथे बूट घासतो ती जागा मोकळी करावी, नाहीतर ती पुन्हा येतेच. पलंगाच्या पायावर करंगळी आपटून मोडली असेल आणि बोट सरळ असेल, तर मध्ये कापूस ठेवून शेजारच्या बोटाला टेपने बांधतात. चार ते सहा आठवड्यांत भरून येतं. अंगठा मोडला असेल, बोट वाकडं दिसत असेल किंवा जखम उघडी असेल तर हा उद्योग घरी करायचा नाही.

आता मधुमेहाचं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाची संवेदना कमी होते. पाणी किती गरम आहे ते पायाला कळत नाही आणि फोड आल्यावरच समजतं. म्हणून गरम पाण्याची बादली, गरम पिशवी, कुरुपावर लावायच्या आम्लाच्या पट्ट्या, अनवाणी चालणं, सगळं बंद. रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात, वाकवत नसेल तर आरसा ठेवून. न दुखणारी जखम ही इथे जास्त धोक्याची असते.

आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाला चालताना चवड्यात गोळा येत असेल, रात्री बोटं ठणकत असतील आणि पाय पलंगाखाली लोंबता सोडला की बरं वाटत असेल, बोट गार किंवा निळसर पडत असेल, तर दुखणं हाडाचं नाही, रक्तवाहिनीचं आहे. तरुण वयातही हे होतं. यात एक दिवसही चोळण्यात घालवू नये, आणि तंबाखू सुटल्याशिवाय कुठलंच औषध पुरं पडत नाही.

बाकी साध्या दुखण्याला दोन-तीन आठवडे घरचे उपाय करून पाहायला हरकत नाही. त्यानंतरही थांबलं नाही तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. आणि जाताना ठेवणीतले बूट घालून जाऊ नका. रोजची झिजलेली चप्पल पिशवीत घालून घेऊन जा, डॉक्टरांना तीच पाहायची असते.