समुद्रातला ऊस

आडसाली लागण उरकली की गट ऑफिसात एक प्रश्न हमखास येतो. दुकानदाराने 'समुद्री टॉनिक' म्हणून बाटली हातात दिलीय, फवारू की नको? बाटली महाग, आणि आत काय आहे ते दुकानदारालाही धड सांगता येत नाही. म्हणून या अंकात आम्ही या बाटलीच्या मुळाशी जायचे ठरवले. मूळ म्हणायचं खरं, पण ज्या वनस्पतीचा हा रस, तिला मूळच नसतं!

समुद्रशेवाळ म्हणजे विहिरीतला हिरवा चिकटा नव्हे. हिरवे, तपकिरी आणि तांबडे असे त्याचे तीन मोठे वर्ग. खडकाला ते नुसते धरून राहते. अन्न घेते ते सबंध अंगाने, पाण्यातून. मालवण-रत्नागिरीकडे ओहोटी लागली की खडकांवर पसरलेले दिसते. घरात 'चायना ग्रास' वापरतात, तेही तांबड्या शेवाळाचेच. बाजारातल्या काही बाटल्यांत थंड अटलांटिक किनाऱ्यावरचे तपकिरी शेवाळ असते, तर काहींत आपल्या तमिळनाडूत पिकणारे तांबडे, कप्पाफायकस. आपल्याला गोष्ट सांगायची आहे ती या दुसऱ्याची.

हे मूळचे फिलिपाइन्सकडचे. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने १९८४ साली ते भारतात आणले. आधी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर जोपासले आणि १९९५ च्या सुमारास रामेश्वरमजवळ मंडपमला नेले. तिथे बचत गटातल्या बायका त्याची शेती करू लागल्या. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद असा बांबूचा तराफा. त्याला दोऱ्या ताणायच्या आणि शेवाळाचे तुकडे बांधायचे, आपण कांड्या लावतो तसेच. एका तराफ्याला साधारण ६० किलो बेणे लागते, आणि ४५ दिवसांत त्याचे दोनशे-अडीचशे किलो होते. ना नांगरट, ना पाणीपाळी! एकेकीकडे ४५ तराफे असतात, म्हणजे रोज एक काढायचा आणि तोच पुन्हा बांधायचा. तोडणीचा कार्यक्रम इतका सरळ बसलेला आम्हांला तरी आपल्याकडे पाहायला मिळाला नाही.

आता गंमत पाहा. पूर्वी हे शेवाळ वाळवून विकत, कारण त्यातून कॅराजिनन निघते. आइस्क्रीम, टूथपेस्ट घट्ट राहावी म्हणून ते घालतात. वाळवताना रस वाया जाई. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी ताजे शेवाळच दळून पिळले. रस खतासाठी, चोथा कॅराजिननसाठी. म्हणजे आपल्या गाळपाच्या अगदी उलट! आपल्याकडे रसाला भाव आणि बगॅस जोडधंदा; तिथे चोथा मुख्य आणि रस हा वरकमाईचा.

या रसात पालाश भरपूर, थोडी सूक्ष्म द्रव्ये आणि पिकाची वाढ चाळवणारी संजीवके असतात. नत्र मात्र नावापुरते. तेव्हा 'हे मारा आणि युरिया बंद करा' असे कोणी सांगितले तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या सोयाबीनवरच्या चाचणीत १५ टक्के रस फवारल्यावर उत्पादन ५७ टक्के वाढले, हा आकडा विक्रेते तोंडपाठ म्हणतात. पण ते पीक कोरडवाहू होते, हे सांगायचे राहून जाते. आपला ऊस बागायती. शिवाय १५ टक्के म्हणजे शंभर लिटर फवाऱ्यात पंधरा लिटर रस, झाकणभर नव्हे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे परके बेणे मन्नारच्या आखातात कुरुसडाई बेटापाशी तराफ्यावरून सुटले आणि जिवंत प्रवाळांवर पसरले, असे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. प्रवाळ झाकला की तो गुदमरतो, आणि प्रवाळ गेला की तिथली मासळी जाते. म्हणजे एका कोळणीच्या तराफ्याने दुसरीचे जाळे रिकामे व्हायची भीती. पुढे २०१३ नंतर पीकच बसले. पाणी तापले की हे शेवाळ कुजते. त्यात वर्षानुवर्षे त्याच त्या बेण्याचे तुकडे लावलेले. बेणे न बदलता खोडव्यावर खोडवा घेतला की काय होते, ते आपल्या सभासदांना आम्ही काय सांगावे? तिथले शास्त्रज्ञ आता ऊतीसंवर्धनाने नवे बेणे करण्याच्या मागे आहेत.

तर मग बाटलीचे काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने अशी जैव-उत्तेजके खत नियंत्रण आदेशाखाली आणली, शेवाळाचा अर्कही त्यांत आला. म्हणून लेबलावर घटक आणि प्रमाण वाचल्याशिवाय पैसे मोजू नयेत, आणि पक्की पावती घ्यावी. घ्यायचीच असेल तर सगळा फड फवारू नका. खते नेहमीचीच ठेवून मधल्या चार सऱ्या तशाच सोडा, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. तोडणीला त्या सऱ्यांची आणि शेजारच्या फवारलेल्या चार सऱ्यांची मोळी वेगळी बांधून वेगवेगळी तोलायची. ज्यांना हे करून पाहायचे आहे त्यांनी गट नंबर आणि लागणीची तारीख शेतकी खात्याकडे नोंदवून ठेवावी, म्हणजे तोडणीच्या दिवशी आमचा माणूस वजनाला हजर राहील.