पत्त्यांचा डाव आणि पदवीचा अभ्यास

मागच्या आठवड्यात या लेखमालेत ऑक्युपेशनल थेरपीचा अभ्यासक्रम पाहिला. तिच्या जवळची एक शाखा अमेरिका आणि कॅनडातल्या विद्यापीठांत शिकवली जाते, ती म्हणजे थेरप्युटिक रिक्रिएशन. आजारातून किंवा अपघातातून उठणाऱ्या माणसाला खेळ, संगीत, बागकाम, पोहणं अशा गोष्टींतून पुन्हा उभं करणं हे तिचं काम. फिलाडेल्फियातलं टेम्पल आणि हॅलिफॅक्समधलं डलहौसी या विद्यापीठांत तिची पदवी मिळते.

खेळ घ्यायला पदवी कशाला, असं कुणालाही वाटेल. वर्गात डोकावलं की शंका फिटते.

समजा, टेबलावर 'उनो'चे पत्ते मांडले आहेत. विद्यार्थ्यांनी डाव खेळायचा नाही, सोडवायचा आहे. पत्ते हातात पंख्यासारखे धरायला बोटांची किती ताकद लागते? रंग आणि आकडा एकाच वेळी लक्षात ठेवावा लागतो का? आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतं, हरलं तर ते पचवावं लागतं. मग हा डाव कोणाला झेपेल, कोणाला नाही? आता रुग्ण समोर आणायचा. मेंदूच्या उजव्या भागाला पक्षाघाताचा झटका आल्यावर काहींचं डाव्या बाजूला लक्षच जात नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. अशा माणसासाठी पत्त्यांची गड्डी मुद्दाम डावीकडे सरकवली जाते. एकच हात चालत असेल तर पत्ते उभे राहतील असा खाचेचा लाकडी स्टँड देतात. हाच डाव नैराश्यातल्या कॉलेजकुमारासाठी मांडला तर गड्डी कुठेही असली तरी चालते; त्याने शेजारच्याशी चार शब्द बोलावेत एवढाच हेतू असतो.

यानंतरचा भाग अवघड, आणि या शाखेची खरी प्रतिष्ठा त्यातच आहे. 'रुग्णाला बरं वाटेल' असं उद्दिष्ट लिहिलं तर ते चालत नाही. 'दोन आठवड्यांत, चारपैकी तीन वेळा, न सांगता डावीकडचा पत्ता शोधेल' असं मोजता येणारं वाक्य लिहावं लागतं. आधी तपासणी, मग आराखडा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी मूल्यमापन, अशी शिस्त असते. शरीररचना, मानवी विकास आणि मनोविकारांचं मानसशास्त्र हे विषयही सोबत येतात.

कॅरल पीटरसन आणि स्काउट गन यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात या कामाचे तीन भाग आहेत: उपचार, फावल्या वेळाचं शिक्षण आणि प्रत्यक्ष सहभाग. मधला भाग मोलाचा. दवाखान्यात चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळलेला तरुण घरी जाऊन चार भिंतींत बसला, तर त्या खेळाचा उपयोग काय? म्हणून गावातल्या जलतरण तलावावर फोन करून रॅम्प आहे का हे विचारायला, बसचा मार्ग शोधायला त्यालाच शिकवलं जातं.

अमेरिकेत प्रमाणपत्र देणारी राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये स्थापन झाली. पदवीच्या वाटेने येणाऱ्याला किमान १४ आठवडे, ५६० तासांची इंटर्नशिप करून परीक्षा द्यावी लागते.

खेळाने उपचार होतो हे अनेकांना पटलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. इंग्लंडमधल्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात डॉ. लुडविग गुटमन यांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, मणक्याला इजा झालेल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली. पॅरालिंपिकचं मूळ तिथे आहे. आणि त्या वाटेवर आपल्या सांगली जिल्ह्याचा माणूस भेटतो. लष्करातले मुष्टियोद्धे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. उपचार म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक त्यांनी जिंकलं. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. इतका उशीर व्हायला नको होता.

भारतातही २०२१ च्या आरोग्य व्यवसायविषयक कायद्याच्या अनुसूचीत कला आणि नृत्याच्या उपचारकांसोबत रिक्रिएशनल थेरपिस्टचा उल्लेख आला आहे.

इंटर्नशिपच्या त्या ५६० तासांत विद्यार्थी वॉर्डात नेमकं काय करतो, ते पुढच्या आठवड्यात पाहू. सुरुवात लहान मुलांच्या विभागापासून.