कॉफी, हाडे आणि लहान मुले

कॉफीतील कॅफिन हे द्रव्य शरीरातील कॅल्शियमच्या देवाणघेवाणीवर परिणाम करते. त्यावरून कॉफीने हाडे ठिसूळ होतात व मुलांची उंची खुंटते, असे दोन समज रूढ झाले. पहिल्यात थोडे तथ्य आहे. दुसऱ्याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही.

कॅफिन घेतल्यावर मूत्रावाटे जाणारे कॅल्शियम वाढते आणि आतड्यातील त्याचे शोषण किंचित घटते. अमेरिकी संशोधक रॉबर्ट हीनी यांच्या मते ही घट एक-दोन मोठे चमचे दुधाने भरून निघते. कॅलिफोर्नियातील रजोनिवृत्त स्त्रियांच्या १९९४ सालच्या अभ्यासातही हेच सूचित झाले. आयुष्यभरात कॉफी अधिक प्यालेल्या स्त्रियांची अस्थिघनता कमी आढळली. मात्र प्रौढ वयात रोज किमान पेलाभर दूध घेणाऱ्यांमध्ये हा फरक दिसला नाही. स्वीडनमधील ६१ हजारांहून अधिक स्त्रियांच्या अभ्यासात (२०१३) रोज ४ किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांची अस्थिघनता २ ते ४ टक्क्यांनी कमी भरली, तरी अस्थिभंगाचे प्रमाण वाढलेले नव्हते. तेव्हा दोष कॉफीपेक्षा आहारातून हद्दपार झालेल्या दुधाकडे अधिक जातो. भरपूर दूध घातलेली दाक्षिणात्य फिल्टर कॉफी आणि बिनदुधाची काळी कॉफी यांना एकाच मापाने मोजणे म्हणूनच योग्य नव्हे.

मुलांविषयीची भीती पसरण्यात जाहिरातींचाही वाटा आहे. अमेरिकेत १८९५ पासून विकल्या जाणाऱ्या ‘पोस्टम’ या धान्यपेयाच्या जाहिराती कॉफीला अपायकारक ठरवीत. प्रत्यक्षात १२ ते १८ वर्षे वयाच्या ८१ मुलींच्या पाहणीत (१९९८) कॅफिनचे सेवन आणि हाडांची वाढ यांत संबंध आढळला नाही.

तथापि, मुलांना कॉफी निर्धास्तपणे द्यावी असा याचा अर्थ होत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (२०१५) मुलांसाठी दर किलो वजनामागे दिवसाला ३ मिलिग्रॅम कॅफिन ही मर्यादा सुचविली आहे. २० किलो वजनाच्या मुलासाठी ती ६० मिलिग्रॅम होते, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनुसार इन्स्टंट कॉफीच्या १५० मिलिलिटरच्या एका कपातच ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. चहा, कोला व चॉकलेट यांतील कॅफिन त्यात मिळवावे लागते, हे पालकांच्या सहसा ध्यानात येत नाही. सायंकाळच्या कपाने झोप लांबते. शिवाय कॉफीमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते. त्यासाठी जेवणाच्या आधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे हीच संस्था सांगते.