खानदेशातील न्हाणीघर आणि थोडक्या खर्चातील नवी गृहरचना

खानदेशातील जुन्या घरांत स्नानाची जागा मागील अंगाला, परसात असे. शहाबादी फरशीचा एक तुकडा, शेजारी पाण्याचा रांजण, सोनगीरच्या तांबटांनी घडविलेला बंब आणि घंगाळ, आणि सांडपाणी झाडांच्या आळ्यापर्यंत नेणारी उघडी मोरी, एवढ्या सामग्रीवर दोन-तीन पिढ्यांचे काम निभावले. पुढे ही जागा घरात आली, तिच्यावर स्लॅब पडला, शौचकूपही तिच्याच भिंतीला भिडला. परंतु तिच्या बांधणीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी, उरलेल्या पैशांत आणि उरलेल्या जागेत उरकला गेला. त्यामुळे जळगाव-धुळ्याच्या कित्येक घरांत दिवाणखाना प्रशस्त व नीटनेटका, आणि न्हाणीघर मात्र ओलसर, अंधारे व निसरडे, असे दृश्य सर्रास आढळते. ते नवे करावयाचे गृहस्थाच्या मनात आले म्हणजे तो प्रथम टाइलच्या दुकानात जातो, आणि तेथेच त्याच्या खर्चाची दिशा चुकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण दुकानात मांडलेले नमुने कोणत्याही गावचे नसतात. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जाणारा, हिवाळ्यात धुळ्यासारख्या ठिकाणी कडाक्याच्या थंडीने गारठणारा, विहिरी-कूपनलिकांचे पाणी ठिकठिकाणी जड असलेला आणि कित्येक वस्त्यांत नळाला रोज पाणी न येणारा असा हा प्रदेश आहे. येथे कोणती वस्तू सुंदर दिसते यापेक्षा कोणती वस्तू दहा वर्षांनंतरही सुंदर राहील हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि सुदैवाने त्याचे उत्तर बहुधा स्वस्त निघते. काळ्या, चकचकीत टाइल सध्या पुष्कळांच्या मनात भरल्या आहेत. परंतु जड पाण्याचा प्रत्येक थेंब वाळताना आपल्यामागे क्षारांचा पांढरा डाग ठेवतो, आणि काळ्या पृष्ठभागावर तो डाग महिन्याभरात ठसठशीत दिसू लागतो. काचेच्या पडद्याची गतीही तीच. फिक्या करड्या किंवा वाळूच्या रंगाची, खरखरीत अंगाची टाइल घ्यावी, सांध्यांत पांढऱ्याऐवजी करड्या रंगाचे ग्राउट भरावे, आणि काचेऐवजी कमरेइतकी भिंत किंवा साधा धुता येणारा पडदा योजावा. खर्च कमी होतो आणि रोजची घासाघीसही वाचते.

तथापि टाइल ही शेवटची गोष्ट आहे. न्हाणीघराचे आयुष्य टाइलच्या खाली ठरते. पांझरा, गिरणा, मोसम या नद्यांच्या काठी शेकडो वर्षे चालत आलेली फड पद्धत ज्यांनी पाहिली असेल, त्यांना हे वेगळे समजावून सांगावयास नको; बंधाऱ्यावरून निघालेले पाणी कोणत्याही यंत्राविना, केवळ जमिनीचा ढाळ ओळखून, पाटापाटाने शेवटच्या शेतापर्यंत नेणाऱ्या शेतकऱ्यांचा हा मुलूख आहे. तेच ज्ञान पाच फूट रुंदीच्या खोलीत वापरले जात नाही, आणि मग कोपऱ्यात पाणी साचते, सांध्यांतून ते खाली झिरपते, शेजारच्या खोलीच्या भिंतीला पोपडे येतात. दर मीटरला दहा ते बारा मिलिमीटर एवढा उतार नहाणी ट्रॅपच्या दिशेने दिला असता पाणी टिकत नाही आणि पायालाही चढउतार जाणवत नाही. उताराच्या खाली विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर असावा. तो भिंतीवरही किमान फूटभर चढवावा. टाइल बसविण्यापूर्वी ट्रॅपचे तोंड बंद करून खोलीत दोन-तीन इंच पाणी भरावे आणि ते चोवीस ते अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवावे. खालच्या छतावर किंवा बाहेरच्या भिंतीवर ओल दिसली नाही, तरच पुढील कामास परवानगी द्यावी. या परीक्षेला जवळजवळ काहीच खर्च नाही, आणि तरीही घाईच्या कामात नेमकी हीच टाळली जाते. ट्रॅपमध्ये सुमारे पन्नास मिलिमीटर पाणी कायम उभे राहील अशी रचना पाहून घ्यावी. गटाराची दुर्गंधी व झुरळे अडविणारा पहारेकरी म्हणजे हे उभे पाणीच होय.

नळ्यांविषयी जळगावकरांस तरी अज्ञानाची सबब सांगता येणार नाही. 1980 साली भवरलाल जैन यांच्या उद्योगाने येथे पीव्हीसी नळ्यांचे उत्पादन सुरू केले, आणि ज्या नळ्यांनी या जिल्ह्यातील केळीच्या बागांपर्यंत पाणी पोहोचविले, त्याच जातीच्या नळ्या घरोघर आल्या. जुन्या घरांत अद्याप भिंतीत पुरलेल्या लोखंडी नळ्या आहेत. त्या आतून गंजतात, क्षारांनी त्यांचे पोट भरते आणि नळाची धार बारीक होत जाते. भिंत एकदा फोडलीच आहे, तर त्या सर्व बदलून घ्याव्यात. थंड पाण्यास साधी आणि गरम पाण्यास सीपीव्हीसी नळी वापरावी. येथे वाचविलेला पैसा पुढे नवी टाइल फोडून दुप्पट भरावा लागतो. दाराविषयीही असेच. सातपुड्याच्या सागाची दारे-चौकटी जुन्या घरांचे खरे वैभव आहेत, परंतु न्हाणीघराच्या दारात सागसुद्धा खालून कुजतो. तेथे पीव्हीसीचे दार बसवावे आणि काढलेला साग दिवाणखान्यातील फळीस किंवा पाटास उपयोगी आणावा. हे दार बाहेर उघडणारे असावे. आत एखादी वृद्ध व्यक्ती पडली, तर आत उघडणारे दार तिच्याच देहाने अडते, आणि दाराची दिशा बदलण्यास वेगळा पैसा पडत नाही.

आता टाइलचा हिशेब. पाच फूट रुंद व आठ फूट लांब अशी खोली घेऊ. तिच्या चारी भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल लावली, तर दाराची जागा वगळून सुमारे 165 चौरस फूट माल लागतो. स्नानाच्या कोपऱ्यात, म्हणजे पाच फुटांची एक भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंचे साडेतीन-साडेतीन फूट एवढ्याच भागात सात फुटांपर्यंत टाइल लावून इतरत्र ती चार फुटांवर थांबविली, तर 130 चौरस फुटांत काम भागते. पंचमांशाहून अधिक टाइल वाचते आणि उरलेल्या भिंतीस ओल सोसणारा रंग देऊन खोली अधिक उंच व मोकळी भासते. गुजरातेतील मोरबीहून येणारा माल आता तालुक्याच्या गावीही मिळतो; जमिनीसाठी मात्र खरखरीत, कमी पाणी शोषणारी टाइल निवडावी, भिंतीची गुळगुळीत टाइल खाली अंथरू नये. ज्यांच्याकडे जुनी शहाबादी फरशी शाबूत आहे त्यांनी ती उखडण्यापूर्वी दोनदा विचार करावा. घासून, सांधे पुन्हा भरून ती सुरेख दिसते आणि ओल्या पायाखाली फारशी घसरत नाही.

पाण्याच्या टंचाईचा विचार या प्रदेशात शोभेहून निराळा काढता येत नाही. पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकाने दिवसातून पाच वेळा दहा लिटरची जुनी टाकी ओढली, तर अडीचशे लिटर पाणी केवळ शौचकूपात जाते. तीन व सहा लिटर अशा दोन मापांची टाकी बसविली आणि पाचांपैकी चार वेळा लहान बटण दाबले, तर तेच काम नव्वद लिटरांत होते. रोज 160 लिटर पाणी वाचणे म्हणजे, जेथे नळ चौथ्या दिवशी येतो तेथे दोन पाण्यांच्या मध्यंतरात सहाशे चाळीस लिटर वाचणे. हजार लिटरची टाकी असलेल्या घरास हा आधार लहान नव्हे. डोक्यावरच्या मोठ्या शॉवरचा मोह टाळावा असे मी आग्रहाने सांगेन. गच्चीवर लगतच ठेवलेल्या टाकीतून त्याला पुरेसा दाब मिळत नाही, आणि मिळालाच तर मिनिटाला दहा लिटरांच्या आसपास पाणी वाहून जाते; बादली-तांब्याचे स्नान पंधरा-वीस लिटरांत होते. भिंतीवर हातातला लहान शॉवर, खाली बादलीस पुरेसा उंच नळ आणि बसण्यास एक पक्का ओटा, ही रचना म्हाताऱ्यांस आणि मुलांस अधिक सोयीची आहे. गरम पाण्यासाठी, जेथे वर्षाचे बहुतेक दिवस लख्ख ऊन पडते तेथे छतावरील सौर बंबाचा विचार प्रथम व्हावा.

उजेड आणि वारा हा धुळेकरांचा खास प्रश्न. कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 च्या सुमारास आखलेल्या पेठेचे सरळ रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या नगररचनेचा चांगला दाखला होत. परंतु त्यांतील घरे अरुंद व खोल, दोन्ही अंगच्या भिंती शेजाऱ्यांना लागलेल्या, म्हणून मधल्या खोल्यांत भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा घरांत छतातून उजेड घेण्यावाचून गत्यंतर नाही. पत्र्याच्या किंवा कौलांच्या छपरात एक-दोन पारदर्शक पत्रे वा काचेची कौले बसविणे, मधल्या भिंतीच्या वरच्या भागात जाळीच्या विटा किंवा काचेच्या विटा घालणे, खिडकीसमोरच्या भिंतीवर मोठा आरसा लावणे, हे उपाय काही हजारांत होतात. न्हाणीघरास मोकळी खिडकी मिळत नसेल, तर लहान एक्झॉस्ट पंखा अपरिहार्य समजावा. छतावर पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या टाइलचा थर किंवा दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात दिले असता वरच्या मजल्याचा ताप स्पष्टपणे उतरतो. केरळात घरे बांधीत आयुष्य घालविलेल्या लॉरी बेकर यांनी जुन्या आणि टाकून दिलेल्या साहित्याला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचे स्मरण येथे कृतज्ञतेने होते.

स्वयंपाकघराविषयी थोडकेच. आपल्याकडे कडप्प्याचा ओटा आणि कडप्प्याच्याच फळ्या बहुतेक घरांत आहेत, आणि त्या पन्नास वर्षे टिकतात. तयार मॉड्युलर संचासाठी त्या फोडण्यापेक्षा त्यांनाच मोजून दारे बसवावीत आणि आत स्टीलच्या सरकत्या जाळ्या ठेवाव्यात. बाहेरून रूप नवे येते, आतला दगड तोच राहतो. काळ्या मसाल्याची फोडणी आणि विस्तवावर भाजलेली भरताची वांगी ज्या घरात नित्याची आहेत, तेथे शेगडीमागील भिंतीस तीन फूट टाइल आणि बाहेर धूर टाकणारा पंखा यांवर खर्च करावा. जुन्या भिंतीतील कोनाडे बुजवू नयेत. आत फिका रंग आणि वर एक लहान एलईडी दिवा दिला की कपाटाचा खर्च वाचतो.

रंगाच्या आधी भिंत पाहावी. काळ्या मातीवर उभी असलेली घरे पावसाळ्यात फुगणाऱ्या आणि उन्हाळ्यात आकसणाऱ्या जमिनीबरोबर किंचित हलतात, म्हणून भेगा दरवर्षी परत येतात. त्यांत नुसती पुट्टी दडपू नये. भेग उघडून लवचिक मसाल्याने भरावी, आणि ओल पूर्ण सुकल्याशिवाय पुट्टीस हात लावू नये. या कारणास्तव कामाचा मुहूर्त महत्त्वाचा आहे. पावसाळ्यात भिंती ओल्या असतात, आणि मे महिन्यात सिमेंटला मुरविण्यापुरते पाणीही हाताशी नसते. म्हणून खानदेशातील गृहस्थांनी हे काम कार्तिकापासून माघापर्यंत काढावे, आणि कामाचा करार करताना दोन दिवस पाणी भरून ठेवण्याची अट कागदावर लिहून घ्यावी.