मॅडम गेल्या, चार्ज कुणाला?

आमच्या विशेष शिक्षिका मॅडम यंदा आमचं गोंदिया जिल्ह्यातलं बिरसी गाव सोडून गेल्या. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबलेली बाई अखेर कायम झाली, याचा आनंदच आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किती मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा हे ठरवून दिलं, पुढे राज्याने ४८६० पदं मंजूर केली आणि हजारो कंत्राटी शिक्षकांचं भलं झालं. फक्त आमच्या मॅडमना केंद्र मिळालं ते दुसऱ्या तालुक्यात. माझ्या स्वमग्न मुलाला, दादूला, नावानिशी ओळखणारं सरकारातलं एकच माणूस होतं, तेही गेलं.

दादूच्या जन्माआधीच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं. त्याच वर्षी भंडाऱ्यातून फुटून गोंदिया जिल्हा झाला. गावाला जिल्हा कळला, न्यास नाही.

मला आठवतो तो २०१३ नंतरचा काळ. दादू तीन वर्षांचा होता. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम तेव्हा नुकताच सुरू झाला होता आणि त्यांची गाडी अंगणवाडीत आली. डॉक्टरांनी तीनदा हाक मारली, हा डब्याचं झाकण गरगर फिरवत बसलेला. त्यांनी चिठ्ठी दिली, चिठ्ठी नागपूरला घेऊन गेली. गावाने मात्र आपलं निदान आधीच करून ठेवलं होतं. कुणी म्हणे बाहेरचं लागलं, कुणी म्हणे बाईचं मोबाइलमध्ये लक्ष. आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, हे ब्रुनो बेटलहाइमने १९६७ च्या पुस्तकात लिहिलं होतं आणि ते पुढे खोटं ठरलं. आमच्या नात्यातल्या काही बायकांनी बेटलहाइम न वाचताच तो निकाल दिला आणि आजतागायत मागे घेतलेला नाही.

पहिल्या दाखल्यावर ‘मतिमंद’ लिहिलं गेलं, कारण रकाना तेवढाच होता. स्वमग्नतेसाठी चाळीस मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी २००९ पासून होती, पण खिडकीतल्या बाबूला तिची वार्ता नव्हती. २०१६ चा दिव्यांग कायदा एप्रिल २०१७ मध्ये लागू झाला, सातांचे एकवीस प्रकार झाले आणि नव्या दाखल्यासाठी आम्ही पुन्हा त्याच रांगेत उभे राहिलो.

मॅडम याच दिवसांत स्कूटीवरून यायला लागल्या. जुन्या कॅलेंडरमधली चित्रं कापून त्यांनी पुठ्ठ्यावर चिकटवली: आंघोळ, शर्ट, भात, शाळा. तो पुठ्ठा दाराजवळ टांगला आणि सकाळची रडारड निम्म्यावर आली. बिरसीला धावपट्टी आहे, शिकाऊ वैमानिकांची विमानं गावावर घिरट्या घालतात. आवाज आपल्याला ऐकू येण्याआधीच दादू कान दाबून खाली बसायचा. वर्गात पोरं हसत. मॅडमनी त्याला भिंतीकडची जागा मिळवून दिली आणि हसणाऱ्या दोघांनाच काम लावलं: विमान आलं की याच्या शेजारी बसायचं. ते दोघं आजही येतात.

त्यांनी आम्हा चार आयांना शाळेच्या व्हरांड्यात एकत्र आणलं. रोवणीच्या दिवसांत वेळ संध्याकाळची. तिथे थेरपीबद्दल कमी आणि न्हाव्याबद्दल जास्त बोलणं व्हायचं: कुठला न्हावी घरी येऊन झोपलेल्या पोराचे केस कापतो, लग्नात बॅंड सुरू झाला की मागच्या दाराने कसं निघायचं, सासऱ्यांना काय सांगायचं. नागपूरच्या तज्ज्ञाने तासाभरात जे सांगितलं नसतं ते तिथे चहाबरोबर मिळे. २०२० च्या टाळेबंदीत गाड्या थांबल्या, व्हरांडाही ओस पडला, आणि तो पुन्हा पहिल्यासारखा भरलाच नाही.

१३ मार्च २०२२ ला बिरसीहून पहिलं प्रवासी विमान उडालं. हार, भाषणं, सगळं झालं. इंदूर आणि हैदराबाद जवळ आलं. वाचा-उपचारासाठी आम्ही आपले नागपूरची गाडी धरत राहिलो. ती विमानसेवा काही महिन्यांतच बंद पडली, मग २०२३ च्या डिसेंबरात दुसऱ्या कंपनीची सुरू झाली. विमानासाठी पाठपुरावा करणारी माणसं जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

आता कागद भरपूर आहेत. दिव्यांगांचं ओळखपत्र आहे, संजय गांधी योजनेचे सहाशेचे अडीच हजार झाले, ते नाकारणार नाही. निरामय आरोग्य विम्यात लाखापर्यंत खर्च मिळतो, पण आधी खिशातून भरायचा आणि मग बिलं जोडायची; मजुरीवर जगणाऱ्या घराने ते आधीचे पैसे कुठून आणायचे, हे योजना लिहिणाऱ्याला कुणी विचारलेलं दिसत नाही. दादूला अठरा पूर्ण झाली की त्याच्या पालकत्वासाठी कलेक्टर अध्यक्ष असलेल्या समितीकडे अर्ज करायचा आहे. तो कसा भरायचा, हे मॅडमच सांगणार होत्या.

नवे सर आलेत. माणूस बरा आहे. त्यांनी फाइल मागितली, मी दिली. फाइलमध्ये टक्केवारी आहे, भिंतीकडच्या जागेबद्दल काही नाही. तलाठी बदलला तर यादी करून, सह्या घेऊन दप्तर नव्याच्या ताब्यात देतात. जाणाऱ्या आणि येणाऱ्या शिक्षकाला पंधरा दिवस पोरासोबत एकत्र बसवा, एवढंच मी तालुक्याला लेखी मागितलं होतं. पोच मिळाली आहे.